डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या इंजिनात कोणता धातू असतो? आपल्या पोरांना त्यात काम मिळेल का?

पनवेल : 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडायला लागली. उलवे, पारगाव, ओवळे भागात आता विमानाचा आवाज रोजचाच झालाय. जमिनी गेल्या, आता पोरांच्या हाताला काम काय, हा प्रश्न मात्र घरोघरी आहे. लोडर, ड्रायव्हर, सिक्युरिटी एवढंच काम डोळ्यांसमोर येतं. पण विमानाशी जोडलेलं आणखी एक मोठं काम आहे, ते म्हणजे इंजिनाच्या धातूचं.

इंजिनात साधं लोखंड का चालत नाही?

इंजिनाच्या पुढच्या भागात मोठा पंखा असतो. तो हवा आत ओढतो. त्यामागचा कॉम्प्रेसर ती हवा दाबतो. इथे धातू हलका आणि मजबूत दोन्ही लागतो, म्हणून टायटॅनियम वापरतात. ते स्टीलपेक्षा साधारण 40 टक्के हलकं असतं आणि गंजत नाही. नव्या इंजिनांत पंख्याची पाती कार्बन फायबरचीही असतात, पण त्यांची पुढची कड बहुतेक वेळा टायटॅनियमची असते.

मागच्या भागात इंधन जळतं. तिथल्या वायूचं तापमान 1,500 अंश सेल्सिअसच्या वर जातं. एवढ्या उष्णतेत टायटॅनियम टिकत नाही. तिथे निकेलमध्ये क्रोमियम, कोबाल्ट असे धातू मिसळून केलेला खास मिश्रधातू लागतो. गंमत म्हणजे तो धातूही जवळपास 1,350 अंशांना वितळतो. मग पाती वितळत कशी नाहीत? पात्यांच्या आतून बारीक छिद्रांवाटे हवा खेळवतात आणि वरून सिरॅमिकचा थर देतात.

छोटी चूक, मोठा घात

19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं विमान कोसळलं. विमानातल्या 296 पैकी 112 जणांचा जीव गेला. चौकशीत कळलं, की पंख्याच्या टायटॅनियम चकतीत धातू ओततानाच एक बारीक दोष राहिला होता. तिथून तडा वाढत गेला आणि 17 वर्षं वापरलेली चकती हवेतच फुटली.

अलीकडचं उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. जुलै 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांचा प्रश्न पुढे आला. धातूच्या भुकटीपासून केलेल्या चकत्यांत अशुद्ध कण असल्याचं कंपनीने सांगितलं. तपासणीसाठी जगभर शेकडो विमानं जमिनीवर ठेवावी लागली. त्यात इंडिगोचीही डझनावारी विमानं होती.

म्हणूनच या धातूच्या प्रत्येक तुकड्याची जन्मकुंडली ठेवतात. कुठल्या भट्टीतला, कोणी घडवला, कोणी तपासला, सगळं कागदावर असतं.

मागणी वाढली, माल कमी

2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. प्रवासी विमानाला बहुतेक वेळा दोन इंजिनं लागतात, शिवाय जुन्या इंजिनांचे सुटे भागही बदलावे लागतात. दुसरीकडे, टायटॅनियमचा मोठा पुरवठा रशियातून व्हायचा. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च 2022 मध्ये बोइंगने रशियाकडून खरेदी थांबवली. दुसरा पुरवठादार पटकन उभा राहत नाही, कारण नव्या कारखान्याच्या मालाला मंजुरी मिळायलाच काही वर्षं जातात.

आपल्याकडे कच्चा माल आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचं खनिज, म्हणजे इल्मेनाइट सापडतं. पण वाळूतून धातू काढणं खर्चिक आणि किचकट. केरळात चवरा इथे 2011 मध्ये सुरू झालेल्या सरकारी कारखान्याची क्षमता वर्षाला 500 टन आहे.

आपल्या भागात काय?

चाकणला जीई कंपनीचा कारखाना 2015 पासून आहे, तिथे जेट इंजिनाचे भाग बनतात. पुण्याच्या भारत फोर्जने बोइंग 737 च्या पंखांसाठी टायटॅनियमचे भाग घडवले आहेत. विक्रोळीच्या गोदरेजने आपल्या शेजारच्या खालापुरात एरोस्पेस कारखान्यासाठी गुंतवणूक जाहीर केली आहे.

तळोजा एमआयडीसीत लेथ आणि सीएनसीवर काम करणारे हात पुष्कळ आहेत. पण टायटॅनियम कापणं वेगळं. त्याची उष्णता लवकर बाहेर पडत नाही, टूल पटकन झिजतं, म्हणून वेग कमी आणि कूलंट भरपूर ठेवावं लागतं. कापताना निघणारा बारीक कीस पेट घेऊ शकतो. त्यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. दहा किलोच्या ठोकळ्यातून कधी कधी एकच किलोचा भाग निघतो, त्यामुळे एक चूक फार महागात पडते.

पोरांनी काय शिकावं?

आयटीआयत मशिनिस्ट, टर्नर किंवा फिटर झाल्यावर तिथेच थांबू नये. पाच अक्षांचं सीएनसी, अचूक मोजमाप आणि माल न तोडता दोष शोधायची तपासणी, म्हणजे एनडीटी, हे पुढे शिकावं. वर्कशॉप मालकांना विमानाच्या कामासाठी एएस 9100 हे गुणवत्ता प्रमाणपत्र लागतं. कोर्ससाठी पैसे भरण्याआधी मात्र त्या प्रमाणपत्राला कोणत्या कंपन्या मान्यता देतात, ते थेट कंपनीकडे विचारून घ्यावं. विमानतळाच्या नावाखाली नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर तर अजिबात विसंबू नये.

हे काम एका वर्षात हाताला लागत नाही. पण आज दहावीत असलेल्या मुलाने किंवा मुलीने आत्ताच दिशा धरली, तर तेवढा वेळ त्यांच्याकडे आहे.