मोरचूद, चुना आणि आयनांची नावे

निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंतच्या परिसरात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलींवर जे बोर्डो मिश्रण फवारले जाते, त्यातील मोरचूद आणि चुना हे दोन्ही पदार्थ आयनांचे बनलेले असून केवड्याला, म्हणजेच बागायतदारांच्या बोलण्यातील ‘डावनी’ला, आळा घालण्याचे सामर्थ्य त्यातील तांब्याच्या आयनांत असते. शालेय पुस्तकांत आयनांची ओळख बहुधा मिठापासून होते. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी मोरचूद हे त्याहून बोलके उदाहरण ठरावे.

आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. अणूतील धनभारित प्रोटॉन आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन यांची संख्या सारखी असल्याने अणू उदासीन असतो, परंतु त्याच्या बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन निघून गेले की प्रोटॉनांचे पारडे जड होऊन धन आयन तयार होतो आणि बाहेरून इलेक्ट्रॉन आले की ऋण आयन. कॅल्शिअमच्या २० इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ८, २ अशी असते. शेवटचे दोन गमावले की आठ इलेक्ट्रॉनांची स्थिर कक्षा बाहेर उरते, म्हणून कॅल्शिअमच्या आयनावर दोन धनभार असतात. क्लोरिनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असल्याने तो एक इलेक्ट्रॉन घेऊन क्लोराइड होतो. संयुग एकंदरीत उदासीन राहायचे तर एका कॅल्शिअमला दोन क्लोराइड लागणारच, आणि हे भारांवरूनच ठरत असल्यामुळे ‘कॅल्शिअम क्लोराइड’ या नावात संख्या घालावी लागत नाही.

नावात धन आयन आधी व ऋण आयन नंतर येतो. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असल्यास शेवटी ‘आइड’ येते. ऑक्सिजनयुक्त गटांना सहसा ‘एट’ आणि त्याच मालिकेत ऑक्सिजन कमी असल्यास ‘आइट’ लागते. सल्फेटमध्ये एका गंधकाभोवती चार ऑक्सिजन असतात, तर सल्फाइटमध्ये तीन. चुन्याच्या निवळीतील हायड्रॉक्साइड मात्र दोन मूलद्रव्यांचा गट असूनही ‘आइड’च घेतो, असे अपवाद पाठच करावे लागतात. निर्यातीच्या द्राक्षपेटीत ठेवलेल्या कागदी पॅडमधून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे नाव निराळ्या रीतीने बनते, कारण त्यात इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण न होता भागीदारी होते, आयन नसतात आणि भारांवरून अणूंची संख्या कळत नसल्याने ती ‘डाय’ने सांगावी लागते.

पदार्थाच्या नावाने त्याचे घटक सांगावेत, हा आग्रह लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये मांडला. त्यानुसार मोरचूद कॉपर सल्फेट ठरते, पण तांबे एक किंवा दोन इलेक्ट्रॉन गमावू शकत असल्याने एवढ्या नावाने काम भागत नाही. जुन्या रीतीत एक भार असलेल्या तांब्याला ‘क्युप्रस’ आणि दोन भार असलेल्याला ‘क्युप्रिक’ म्हणत. पुढे आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भार रोमन अंकांत लिहिण्याची पद्धत सुचवली. बागेत वापरले जाणारे क्युप्रस ऑक्साइड लालसर असते, तर क्युप्रिक ऑक्साइड काळे. म्हणजे एका इलेक्ट्रॉनाच्या फरकाने पदार्थच बदलतो, त्यामुळे डब्यावरील नाव पूर्ण वाचणे अगत्याचे आहे.

एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यामागे एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना घेतात आणि दोन्ही वेगवेगळ्या पिंपांत कालवून मग एकत्र करतात. तेव्हा तांब्याचे आयन हायड्रॉक्साइडशी जुळून निळा, न विरघळणारा साका तयार होतो आणि तो पानांवर चिकटून राहून ओलावा मिळताच तांब्याचे आयन थोडे थोडे सोडतो. चुना कमी पडला तर मोकळे आयन द्रावणात उरून कोवळी पाने करपतात. म्हणूनच फवारणीपूर्वी घासून स्वच्छ केलेला लोखंडी विळा मिश्रणात बुडवून पाहतात: पात्यावर तांबूस थर चढला, तर लोखंडाने आपले इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांना देऊन त्यांचे पुन्हा धातूत रूपांतर केले, असा त्याचा अर्थ होतो आणि थर चढेनासा होईपर्यंत आणखी चुन्याची निवळी घालावी लागते. याच कारणाने मोरचूद विरघळवण्यासाठी लोखंडी पिंप न वापरता प्लास्टिकचे वापरतात.