अक्षर हातालाही कळू द्या



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की आपलं बोलणं मुलांवर येतं. "बोलण्यात पटाईत, गाणी तोंडपाठ, पण काल वाचलेलं अक्षर आज ओळखत नाही," असं कुणी ना कुणी सांगतंच. मग ते मूल आळशी ठरतं, मार खातं आणि एक दिवस शाळाच नको म्हणतं.

अशा काही मुलांना अध्ययन अक्षमता असते. त्यांची बुद्धी कमी नसते. अक्षराचा आकार आणि त्याचा आवाज यांची जोडी पक्की व्हायला त्यांना जास्त वेळ आणि वेगळी वाट लागते. अमेरिकेत 1930 च्या दशकात डॉ. सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अशी एक वाट घालून दिली. डोळा, कान आणि हात यांनी एकाच वेळी शिकायचं.

हे घरी कसं करायचं? ताटात रवा पसरा. मुलाने बोटाने 'घ' मोठा काढायचा आणि काढतानाच 'घ, घर' असं मोठ्याने म्हणायचं. मग कणकेचा 'घ' करायचा. शेवटी डोळे मिटून हवेत काढायचा. आपल्याला लिहिता येत नसेल, तर अक्षराचा नमुना शाळेतल्या बाईंकडून घ्या.

'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' एकाच दिवशी शिकवू नका. आधी 'घ' पक्का होऊ द्या. नंतर फरक बोटाने दाखवा: 'घ'च्या डोक्यावरची रेघ सलग, 'ध'ची तुटलेली. शब्द फोडताना टाळ्या वाजवा. क-म-ळ, तीन टाळ्या. पाढ्यांसाठी चिंचोके घ्या. चार-चारच्या तीन ओळी मांडल्या की चार त्रिक बारा डोळ्यांना दिसतात, हाताने मोजता येतात.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. एका वेळी दोन-तीनच अक्षरं घ्या. तीच दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारा. आधी मुलाला आठवू द्या, मग नमुना दाखवा. चुकलं तर न रागावता पुन्हा ताटात काढायला लावा.

त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. तरीही अडचण राहिली, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि तपासणी कुठे होते ते विचारा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. प्रमाणपत्र असेल, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्राने मुलाला शिक्का बसेल, असं आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं. पण 'ढ' हा शिक्का तर कागद नसतानाच बसलेला असतो. तो पुसायचा असेल, तर आज संध्याकाळी रव्याचं ताट काढूया.