चिठ्ठीने ठरणारा उपचार आणि वैद्यांचा संकोच

कर्करोगावरील एक उपचार दुसऱ्याहून सरस आहे की नाही, हे ठरविण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे रोग्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला निराळा उपचार देणे आणि पुढे कित्येक वर्षे त्यांची तुलना करीत राहणे. कोणता रोगी कोणत्या गटात जावा, हे वैद्याने ठरवावयाचे नसते. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे ते केवळ योगायोगावर सोपविलेले असते. एरवी वैद्य नकळत सशक्त रोग्यांना आपल्या आवडीचा उपचार देईल, आणि प्रकृतीचे श्रेय उपचाराच्या पदरी पडेल. पद्धत चांगली खरी. परंतु तिला रोगी मिळणे कठीण जाते, आणि ही अडचण पुष्कळदा रोग्याकडून नव्हे, तर वैद्याकडूनच येते.

अमेरिकेतील एक उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्तनाचा कर्करोग झाला असता संपूर्ण स्तन, त्याखालील स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया विल्यम हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली व ती अनेक दशके प्रमाण मानली गेली. गाठ लहान असेल तर तेवढीच, सभोवतालच्या थोड्या भागासह, काढली तर काय बिघडेल, असा प्रश्न पिट्सबर्गचे शल्यवैद्य बर्नार्ड फिशर यांनी विचारला. त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधनसंघाने १९७६ साली परीक्षण आरंभिले. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंतची असलेल्या स्त्रियांचे तीन गट करावयाचे होते : एकीत संपूर्ण स्तन काढावयाचा, दुसरीत केवळ गाठ, आणि तिसरीत गाठ काढून वर किरणोपचार.

रोगी मात्र फार मंदगतीने येऊ लागले. तेव्हा संघाने आपल्या ९४ प्रमुख अन्वेषकांना लेखी प्रश्न केला : पात्र स्त्रिया तुमच्याकडे येत असता तुम्ही त्यांना परीक्षणात का घेत नाही? शेकडा ९७ जणांनी उत्तर दिले. १९८४ साली ती उत्तरे प्रसिद्ध झाली. सर्व पात्र स्त्रियांना न घेणाऱ्यांपैकी शेकडा ७३ जणांना वैद्य व रोगी यांच्या नात्याला बाध येईल अशी भीती वाटत होती. शेकडा ३८ जणांना संमती घेणे जड जात होते. २२ जणांना अनिश्चिततेविषयी उघड बोलणे नको होते. १८ जणांना शास्त्रज्ञ आणि चिकित्सक या दोन भूमिकांत विरोध दिसत होता. (एकाच वैद्याने अनेक कारणे दिल्यामुळे बेरीज शंभरावर जाते.) कार्यपद्धतीच्या व्यावहारिक अडचणी सांगणारे शेकडा अवघे ९ निघाले. कागदपत्रांचा त्रास व वेळेचा अभाव ही कारणे आपण सहज गृहीत धरतो. येथे ती जवळजवळ तळाशी आहेत.

ज्या स्त्रीला नुकतेच कर्करोगाचे निदान सांगितले आहे, तिच्यासमोर बसून ‘तुमचा स्तन काढावा की ठेवावा हे मला ठाऊक नाही, ते चिठ्ठी ठरवील’ असे म्हणावयाचे आहे. ती तर खात्रीचा शब्द ऐकण्यास आलेली असते. हा संकोच निव्वळ भीरुपणा म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही. त्यात रोग्याविषयीची कणव आहे. परंतु वैद्याने न बोलल्याने अज्ञान नाहीसे होत नाही, ते केवळ झाकले जाते.

संघाने त्यावर एक तोड काढली. चिठ्ठी आधी टाकावी, तीत निघालेला उपचार स्त्रीला सांगावा, आणि मग तिची संमती मागावी. नोंदणी झपाट्याने वाढली. तथापि या तोडीवर आक्षेपही आले : उपचार आधीच ठाऊक असलेला वैद्य तोच अधिक गोड करून सांगण्याचा संभव असतो, आणि नकार देणाऱ्या स्त्रियांमुळे तुलना गढूळ होते.

परीक्षण अखेर तडीस गेले. १८५१ स्त्रियांचा वीस वर्षांचा वृत्तान्त २००२ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत लक्षणीय भेद आढळला नाही. गाठ त्याच स्तनात पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण किरणोपचार न घेतलेल्यांत शेकडा ३९.२, तर घेतलेल्यांत १४.३ होते. नोंदणी जितकी रेंगाळली तितके हे उत्तर लांबले, आणि तोवर ज्यांचे स्तन राखता आले असते अशा स्त्रियांवरही जुनीच शस्त्रक्रिया होत राहिली.