पाणी घेणारे स्टेनलेस स्टील

पोलादाला पाणी देणे ही क्रिया आपल्याकडे फार जुनी आहे. मराठी मुलखातील लोहार काय किंवा कन्नड मुलखातील कम्मार काय, विळ्याची धार भट्टीत लाल करतो, पाण्यात बुडवतो, आणि मऊ पोलाद कठीण होते. परंतु घरातील स्टेनलेस स्टीलचे ताट असेच लाल करून पाण्यात बुडवले तर ते तसूभरही कठीण होणार नाही. उलट ताट घडवताना दाबामुळे त्यात आलेला ताठपणाही निघून जाईल.

याचे कारण धातूच्या अंतर्रचनेत आहे. विळ्याचे पोलाद तापले की त्यातील कर्ब लोहाच्या स्फटिकात विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. ते एकदम थंड केले की कर्बाला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आत अडकून राहतो आणि स्फटिक ताणला जातो. या ताणलेल्या, कठीण रचनेला आडॉल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट हे नाव मिळाले. ताटाच्या स्टीलमध्ये मात्र सुमारे १८ टक्के क्रोमियमबरोबर ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही तसेच टिकते, मार्टेन्साइट बनतच नाही.

मग गंजणारही नाही आणि पाणीही घेईल असे पोलाद हवे असल्यास काय करावे? हा प्रश्न आपल्या हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्यांना अगदी जवळचा आहे. हुबळी हे औद्योगिक व्हॉल्व्ह बनविणारे गाव आहे. बी.डी.के., मायक्रोफिनिश ही नावे यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावी लागत नाहीत, आणि गोकुळ रोड, तारिहाळ या औद्योगिक वसाहतींत जाणाऱ्याला या धंद्याची ओळख सहज होते. वाफेच्या नळावरील गेट व्हॉल्व्ह घ्या. त्यातील पाचरीसारखी झडप प्रत्येक उघडझाकीला दोन्ही बाजूंच्या सीटवर दाबाखाली घासत जाते. दोन्ही भाग ताटाच्या स्टीलचे केले तर घासताना ते एकमेकांना चिकटतात, ओरखडे पडतात आणि व्हॉल्व्ह गळू लागतो. साधे कठीण पोलाद वापरले तर दमट वाफेत ते गंजते. एकदा का बारीक फट पडली की दाबाची वाफ त्या फटीतून धातू कापीत जाते.

अशा ठिकाणी वापरतात ते मार्टेन्साइट जातीचे स्टेनलेस स्टील. यात निकेल जवळजवळ नसते. १२ ते १८ टक्के क्रोमियम आणि बेताचा कर्ब असतो. ४१० या प्रकारात कर्ब ०.१५ टक्क्यापर्यंत, ४२० मध्ये साधारण ०.३ टक्के, तर ४४०-सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के कर्ब आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम. पाणी दिल्यावर ४१० चा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ४० च्या आसपास जातो, ४२० चा ५० च्या, आणि ४४०-सी चा ५८ ते ६० पर्यंत.

गंमत अशी की जगातले पहिले व्यापारी स्टेनलेस स्टील याच जातीचे होते. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत असताना १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम व ०.२४ टक्के कर्ब होता. त्याने सुऱ्यांसाठी ते सुचविले. शेफील्डच्या कारागिरांना नव्या पोलादाला पाणी देण्याची रीत साधेना, आणि ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक’ अशी ब्रिअर्लीची थट्टा झाली. दोष पोलादाचा नव्हता. जुन्या पोलादाचे तापमान नव्या पोलादाला लावले जात होते.

इथेच या विषयाची खरी मेख आहे. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि गंज थांबतो. पण त्यासाठी सुमारे १०.५ टक्के क्रोमियम लोहात मोकळे असावे लागते. कर्बाला मात्र क्रोमियमचे भारी आकर्षण. तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे कण बनवितो. कागदावर हिशेब करून पाहा. सात क्रोमियम अणू आणि तीन कर्ब अणू असे कार्बाइड धरले, तर वजनाने ३६४ भाग क्रोमियमला ३६ भाग कर्ब, म्हणजे एक टक्का कर्ब सुमारे १० टक्के क्रोमियम अडकवून ठेवू शकतो. ४४०-सी मधील १७ टक्क्यांतून हे १० गेले की उरले ७. प्रत्यक्षातील कार्बाइडमध्ये थोडे लोहही असल्याने आकडा इतका वाईट नसतो, पण दिशा तीच. म्हणून मऊ अवस्थेतील ४४०-सी महाग असूनही लवकर गंजते. जो कर्ब कठीणपणा देतो, तोच स्टेनलेसपणा खातो.

यावर तोड भट्टीत आहे. ४४०-सी १०१० ते १०६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की कार्बाइडचा काही भाग विरघळतो. त्यातील कर्ब मार्टेन्साइट कठीण करण्यास उपयोगी पडतो आणि सुटलेला क्रोमियम लोहात परत येतो. तेलात किंवा हवेत थंड केल्यावर दोन्ही गुण एकदम मिळतात. तापमान कमी पडले तर पोलाद मऊ राहते, शिवाय गंजतेही. जास्त झाले तर स्फटिककण मोठे होऊन ठिसूळपणा येतो, आणि बरेचसे ऑस्टेनाइट न बदलता तसेच राहते. ते पुढे कधीतरी बदलते आणि मापात बसविलेल्या भागाचे माप हलते. म्हणून अचूक मापाच्या भागांना शून्याखाली ७०-८० अंशांपर्यंत गारवा देतात. टेम्परिंग लगेच करावे लागते; थंड झालेला तुकडा तसाच उद्यावर टाकला तर त्याला तडा जाण्याचा संभव असतो. टेम्परिंगही १५० ते ३७० अंशांत करावे. ४२५ ते ५६५ अंशांच्या टापूत चिवटपणा आणि गंजरोध दोन्ही घसरतात. लेथवर शतांश मिलिमीटरसाठी झटणारा विद्यार्थी भट्टीच्या तापमानाकडे मात्र उदासीनपणे पाहतो, हे आपल्या शिक्षणातील वैगुण्यच म्हणावे लागेल.

न विरघळलेले कार्बाइड वाया जात नाही. नदीच्या वाळूतील क्वार्ट्झचा कठीणपणा विकर्स मापावर साधारण १००० ते ११००. उत्तम पाणी दिलेल्या पोलादाचा ७०० च्या आसपास. म्हणजे वाळू पोलादाला ओरखडणारच. पण क्रोमियम कार्बाइडचा कण १५०० च्या घरात असतो. मऊसर मातीत घट्ट बसलेल्या खड्यांप्रमाणे हे कण झीज अडवितात. पाण्यात चालणाऱ्या बॉलबेअरिंगचे गोळे, सुई व्हॉल्व्हची टोके, मोजमापाची साधने यांना ४४०-सी निवडतात ते यामुळे. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमट्यांना ४२० पुरते. दाढीच्या पात्यांचे पोलादही याच कुळातले, सुमारे १३ टक्के क्रोमियमचे.

भांड्यांच्या दुकानात लोहचुंबक लावून ‘चिकटला, म्हणजे खोटे स्टेनलेस’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. चांगल्या सुरीला लोहचुंबक चिकटायलाच हवा. मार्टेन्साइट चुंबकीय असते. उलट निकेलऐवजी मँगनीज घातलेल्या स्वस्त भांड्यांना तो चिकटत नाही आणि तरीही ती डागाळतात.

व्हॉल्व्हच्या सीटला मात्र सहसा ४४०-सी लागत नाही. १३ टक्के क्रोमियमचे ४१० पुरते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या गेट व्हॉल्व्हच्या मानकात या जोडीसाठी दोन्ही पृष्ठभाग किमान २५० ब्रिनेल आणि त्यांच्यात किमान ५० ब्रिनेलचा फरक सांगितला आहे. सारख्याच कठीणपणाच्या दोन पृष्ठभागांना एकमेकांत चिकटण्याची खोड अधिक, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवायचा. झीज फारच असेल तर त्यावर स्टेलाइटचा थर चढवितात. समुद्राच्या पाण्यात या जातीला बारीक खड्डे पडतात. कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरील कामाला मॉलिब्डेनमयुक्त ३१६ बरे. आणि हायड्रोजन सल्फाइड असलेल्या नैसर्गिक वायूत तर कठीणपणाच शत्रू ठरतो. त्या वायूतून सुटलेला हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला अचानक तडा देतो. तेथे ४१० दोनदा, ६२० अंशांच्या वर टेम्पर करून रॉकवेल सी २२ च्या आत आणावे लागते, आणि तसा दाखला व्हॉल्व्हबरोबर द्यावा लागतो.