गोहरबाईंची मराठी

विजापूर मुलखातल्या बिळगी गावच्या दोन कानडी बहिणी गाणं घेऊन मुंबईकडे आल्या. अमीरबाई कर्नाटकी हिंदी सिनेमात गेल्या आणि १९४३ च्या ‘किस्मत’मधल्या गाण्यांनी घरोघरी पोहोचल्या. गोहरबाईंनी १९३८ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीची वाट धरली. (कलकत्त्याच्या गौहरजान वेगळ्या आणि रणजीत मूव्हीटोनच्या गोहरही वेगळ्या; तिघींची गल्लत नेहमी होते.) मराठी नाटकाच्या इतिहासात गोहरबाई सापडतात त्या बालगंधर्वांच्या प्रकरणात, तेही बहुतेक वेळा आरोपी म्हणून. त्यांची कहाणी परमुलखातून येऊन दुसऱ्या भाषेच्या रंगभूमीला वाहून घेतलेल्या नटीची आहे आणि ती तशीच वाचायला हवी, असं मला वाटतं.

यासाठी थोडं लांब, यिडिश रंगभूमीकडे जाऊ. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची भाषा. अंग बरंचसं जर्मन, लिपी हिब्रू. १८७६ मध्ये रुमानियातल्या याश शहरात आब्राहाम गोल्डफाडेनने या भाषेत धंदेवाईक नाटक उभं केलं आणि देशोधडीला लागलेल्या ज्यूंबरोबर ते न्यूयॉर्कला पोहोचलं. तिथली लाडकी नटी मॉली पिकन जन्मानेच न्यूयॉर्ककर. तिची यिडिश फारच अमेरिकन वाटते म्हणून नवऱ्याने तिला १९२० च्या दशकात युरोपात नेलं आणि तिथल्या रंगमंचांवर तिची भाषा घासूनपुसून घेतली. उलट ओडेसात जन्मलेल्या इडा कामिन्स्काला यिडिश घरातूनच मिळाली होती, आई यिडिश रंगभूमीवरची नामांकित नटी. पण १९६८ मध्ये पोलंडमधल्या ज्यूविरोधी मोहिमेमुळे तिला देश सोडावा लागला. न्यूयॉर्कमध्ये पुन्हा यिडिश नाटक उभं करायची तिची धडपड फार टिकली नाही, कारण ती भाषा समजणारा प्रेक्षकच ओसरत चालला होता. म्हणजे जन्माने मिळालेली भाषासुद्धा नटीला रंगमंचावर पुन्हा कमवावी लागते, आणि कमावली तरी समोरच्या खुर्च्या भरतीलच असं नाही. गोहरबाईंना तर मराठी जन्मानेही मिळाली नव्हती.

परमुलखातून येऊन इथलं होणं आपल्या कोल्हापूरला तरी समजायला अवघड जाऊ नये. इथल्या गाण्याचा अभिमान ज्यांच्या नावाने सांगितला जातो ते अल्लादिया खाँ राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोल्हापूरचे झाले. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याला आधी येऊन गेलेल्या कानडी मंडळींच्या खेळाने चालना दिली होती. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातले, आणि त्यांच्या पदांत कानडी चाली सर्रास भेटतात. कानडीकडून इतकं घेतलेल्या रंगभूमीला एक कानडी बाई परकी का वाटावी? कारण खाँसाहेबांना दरबार होता, पुरुषपण होतं. गोहरबाई गाणाऱ्या बाई होत्या, मुसलमान होत्या, आणि ज्याच्यावर महाराष्ट्राने मालकी सांगितली त्या माणसाच्या घरात आल्या होत्या.

गोहरबाईंवरचा पहिला आक्षेप असा, की त्यांचं गाणं म्हणजे बालगंधर्वांची नक्कल. नक्कल होतीच. गंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी ते गाणं गळ्यात उतरवलं. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. चावी द्यायची, सुई ठेवायची, पद संपलं की सुई उचलून पुन्हा कडेला ठेवायची. हरकत कुठे सुटते, ‘नाथ’ म्हणताना ‘ना’ किती लांबतो, ओळ संपता संपता श्वास कुठे घेतला जातो, हे सगळं कानाने टिपायचं, आणि तेही परक्या भाषेतून. यातली गंमत अशी की मूळ गाणंही एका पुरुषाने घडवलेलं स्त्रीचं रूप होतं. पुरुषाने रंगवलेली बाई बाईने पुन्हा पुरुषाकडून शिकावी, असं जगात फार ठिकाणी झालं नसेल. अस्सल कोण आणि नक्कल कोण, हे इथे तितकं सरळ राहत नाही. तरीही गोहरबाई गंधर्वांच्या तोडीच्या नव्हत्या, हे मान्य करायला हवं. पण त्या मापाने मोजलं तर मराठीत उरतं तरी कोण?

दुसरा आक्षेप जास्त जहरी: त्यांनी गंधर्वांना बुडवलं. तारखा पाहा. १९३१ ला बोलपट आला. १९३२ ला कोल्हापुरातच ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि नाटकाचा प्रेक्षक तंबूकडून पडद्याकडे वळला. ‘आंधळ्यांची शाळा’त १९३३ मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करत होत्या. कर्ज तर मंडळीच्या भरभराटीच्या काळापासूनचं. अस्सल शालू, अत्तरं, नेपथ्य यांवरच्या खर्चाला हिशेब नव्हता. त्याच ओढगस्तीत १९३५ ला बालगंधर्वांनी ‘प्रभात’चा ‘धर्मात्मा’ केला. हे सगळं घडून गेल्यावर तीन वर्षांनी गोहरबाई आल्या. पडत्या घराच्या उंबऱ्यात जी शेवटी दिसली, तिच्यावर आळ घालणं सोयीचं असतं. गंधर्वांच्या पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या वाट्याला आलेलं दुःख खरं होतं. त्याचा जाब मात्र आधी गंधर्वांना विचारायला हवा.

उरतो तिसरा आक्षेप, आणि तो वजनदार आहे: त्यांची निष्ठा एका माणसावर होती, नाटकावर नव्हे. दोन्ही वेगळं काढता येईलसं मला वाटत नाही. पण पैसा आणि नाव सिनेमात होतं, तिथली वाट सख्ख्या बहिणीला सापडली होती, आणि गोहरबाईंनी बुडती संगीत मंडळी निवडली. शालू नेसून गंधर्वांच्या कंपनीत स्त्रीभूमिकेला उभं राहायचं, समोरचा प्रेक्षक आपल्यात गंधर्वच शोधणार हे ठाऊक असताना रात्रीमागून रात्र पदं म्हणायची, याला नाटकाची हौस लागतेच. पुढे दोघांचं लग्न झालं. गंधर्वांचे पाय गेल्यावर त्यांचं सगळं करणाऱ्या त्याच होत्या. १९६४ मध्ये बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. गंधर्व त्यांच्यामागे तीन वर्षं होते.