बॉस, जरा खाली उतरा ना!

मीटिंगच्या शेवटी साहेब विचारतात, "एनी क्वेश्चन्स?" सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. साहेबांना वाटतं, चला, सगळ्यांना पटलं! प्रत्यक्षात अनेकांना पटलेलं नसतं, फक्त बोलायची हिंमत नसते.

ही शांतता फोडायला काही कंपन्या चक्क नाटकवाल्यांना बोलावतात. लीडरशिप ट्रेनिंग म्हणजे स्लाइड्स आणि बुफे लंच, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीतलं असं वर्कशॉप मी कोपऱ्यात बसून पाहिलं.

पहिला खेळ पत्त्यांचा. प्रत्येकाने एक पत्ता न बघता कपाळावर धरायचा. समोरच्याने राजाला राजासारखं वागवायचं, दुर्रीला दुर्रीसारखं. तोंडाने पत्ता सांगायचा नाही. एका व्हाइस प्रेसिडेंटना दुर्री आली. त्यांच्याशी कुणी नजर मिळवेना, वाक्य पुरं करू देईना. पाच मिनिटांनी रांग लावायला सांगितली, तर ते आपणहून शेवटी जाऊन उभे राहिले! माझ्या शेजारची ट्रेनी हळूच म्हणाली, "आम्ही रोजच दुर्री."

यामागचा 'स्टेटस'चा विचार कीथ जॉनस्टन यांचा. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये त्यांनी नटांबरोबर यावर काम केलं आणि १९७९ साली 'इम्प्रो' या पुस्तकात ते मांडलं. त्यांच्या मते माणूस वर-खाली ठरतो तो नुसत्या पदाने नाही, तर वागण्याने. बोलताना डोकं स्थिर ठेवलं की वजन वाढतं, सारखा चेहऱ्याला हात लावला की घटतं. कॉलेजात एकांकिका केलेल्यांना हे पटेल. स्टेजवर राजाचा रुबाब दिसतो तो दरबाऱ्यांच्या वागण्यातून.

दुसरा खेळ 'फोरम थिएटर'चा. तो ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी दबलेल्या माणसांसाठी घडवला. अन्यायाचा प्रसंग करून दाखवायचा, मग प्रेक्षकाने 'स्टॉप' म्हणत दबलेल्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळा मार्ग शोधायचा. इथला प्रसंग ओळखीचाच होता: शुक्रवारी संध्याकाळी सहाला आलेलं 'अर्जंट' काम. एकाने आवाज चढवला, एकीने विनवणी केली, मॅनेजर काही हलेना. तिसरीने शांतपणे विचारलं, "सोमवारी दिलं तर काय अडेल?" मॅनेजर झालेल्याकडे उत्तरच नव्हतं!

अर्थात, ट्रेनिंग हॉलमध्ये 'स्टॉप' म्हणणं सोपं असतं. तिथे अप्रेझल नसतं. खरी परीक्षा सोमवारी. ती साहेबांची असते, ट्रेनीची नाही. वर्कशॉपनंतरही ज्युनियरचं वाक्य मध्येच तुटत असेल, तर तो दिवस नुसती पिकनिक झाला म्हणायचा.

तुम्ही टीम लीड असाल, तर एवढंच करून बघा. टेबलाच्या टोकाची खुर्ची सोडा, टीमच्या मधोमध बसा आणि आपलं मत सगळ्यात शेवटी सांगा. पहिल्या दिवशी कदाचित कुणीच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच बसा.