संदेशावरील शेरा

सरकारी कार्यालयात रोज अनेक पत्रे येतात. एखाद्या पत्राच्या कोपऱ्यात 'तातडीचे' असा शेरा पडला, की ते लगेच पुढच्या टेबलावर जाते. दुसऱ्या एखाद्या पत्रावर 'दप्तरी दाखल' असे लिहिले गेले, की त्याचा प्रवास तेथेच संपतो. पत्रातील मजकूर जसाच्या तसा राहतो. बदलते ते पत्राचे भवितव्य. आपल्या शरीरातील पेशींमध्येही असेच शेरे मारले जातात. मेंदूच्या एका अतिशय घातक कर्करोगाची वाढ समजून घेताना हे शेरे महत्त्वाचे ठरले आहेत.

पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए. या रेणूत प्रथिने तयार करण्याच्या सूचना साठवलेल्या असतात. एखादे प्रथिन हवे असेल, तेव्हा त्या सूचनेची नक्कल तयार होते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आर.एन.ए. ती केंद्रकाबाहेर येते, तिच्या आधारे प्रथिन बनते आणि काही काळाने ती नष्ट होते. म्हणून प्रथिन किती प्रमाणात तयार होईल, हे ती नक्कल किती काळ टिकते यावरही अवलंबून असते.

या नकलेतील 'ए' या रासायनिक अक्षरावर काही ठिकाणी मिथिल गट जोडलेला असतो, असे १९७४ साली आढळले. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अशा अवघ्या चार अणूंचा हा गट म्हणजेच आपला शेरा होय. तो मारण्याचे काम 'मेट्ल-३' आणि त्याची सहकारी प्रथिने करतात. २०११ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की 'एफ.टी.ओ.' नावाचे प्रथिन हा शेरा पुसूनही टाकू शकते. पुढे 'ए.एल.के.बी.एच.-५' हे पुसणारे दुसरे प्रथिनही सापडले. काही प्रथिने केवळ शेरा वाचतात आणि त्यानुसार संदेश जपतात किंवा नष्ट करवतात. लिहिणारे, पुसणारे आणि वाचणारे अशा तिघांच्या हाती संदेशाचे आयुष्य असते.

आता रोगाकडे वळू. ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांच्या मेंदूतच उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. त्याच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी भागात शिरतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने गाठ समूळ काढता येत नाही. युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक १२.१ महिने होता. सोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर तो १४.६ महिने झाला. अडीच महिन्यांची ही भर इतकी मोलाची मानली गेली, की तीच उपचारपद्धती जगभर रूढ झाली. या रोगापुढे वैद्यकशास्त्र किती हतबल आहे, हे यावरून ध्यानात येते.

उपचारानंतर गाठ पुन्हा का वाढते? २००४ साली टोरांटो येथील संशोधकांनी मेंदूच्या अर्बुदांतून विशिष्ट प्रकारच्या पेशी वेगळ्या केल्या. अशा अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या, तरी नवी गाठ तयार झाली. उरलेल्या पेशी हजारोंच्या संख्येने सोडूनही झाली नाही. या मूठभर पेशींना कर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात. आर.एन.ए.वरील शेऱ्यांचा प्रभाव नेमका यांच्यावरच दिसून आला.

२०१७ साली अमेरिकेतून दोन निष्कर्ष पुढे आले. ह्यूस्टन येथे असे आढळले, की या मूलपेशींत 'ए.एल.के.बी.एच.-५' भरपूर असते. ते 'फॉक्स-एम-१' या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनाच्या संदेशावरील शेरा पुसते. परिणामी ते प्रथिन वाढते आणि गाठही वाढते. कॅलिफोर्नियात संशोधकांनी मूलपेशींतील 'मेट्ल-३' कमी केले, तेव्हा त्या अधिकच फोफावल्या. उलट 'एफ.टी.ओ.'ला रोखणारे रसायन दिल्यावर गाठ असलेले उंदीर अधिक काळ जगले. यावरून शेरा गाठीला आवर घालतो, असे वाटणे साहजिक होते.

परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेले चित्र वेगळे होते. त्यांना 'मेट्ल-३' हेच मूलपेशींचे आधारस्थान असल्याचे दिसले. ते 'सॉक्स-२' या प्रथिनाच्या संदेशावर शेरा मारते. तो शेरा पाहून एक रक्षक प्रथिन तेथे येते आणि संदेश अधिक काळ टिकतो. 'मेट्ल-३' कमी केल्यावर या पेशी किरणोपचाराला लवकर बळी पडू लागल्या.

एकच शेरा एकीकडे गाठीला रोखतो आणि दुसरीकडे तिला पोसतो, हे कसे? हा विरोध अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. तथापि, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. शेरा स्वतः चांगला नसतो, वाईटही नसतो. तो कोणत्या संदेशावर पडला आणि कोणी वाचला, यावर त्याचा परिणाम ठरतो. शिवाय एका रुग्णाच्या गाठीतील पेशी दुसऱ्याच्या पेशींसारख्या असतातच असे नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. 'मेट्ल-३'ला रोखणाऱ्या औषधाचा उपयोग २०२१ साली रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर दिसून आला. २०२२ साली अशाच एका औषधाची चाचणी इतर अवयवांत गाठी असलेल्या रुग्णांवर सुरू झाली. मेंदूच्या बाबतीत मात्र दोन अडचणी आहेत. पहिली, रक्तातील बहुतेक औषधांना मेंदूत शिरू न देणारा नैसर्गिक अडसर. दुसरी अधिक गंभीर आहे: ज्या रुग्णाच्या गाठीत शेरा आवर घालत असेल, त्याला शेरा थांबवणारे औषध दिल्यास अपायच होईल. म्हणून औषध निवडण्यापूर्वी त्या रुग्णाच्या पेशींतील कोणत्या संदेशांवर शेरे आहेत, हे वाचावे लागेल. ज्या रोगात अडीच महिनेही मोलाचे ठरतात, तेथे चुकीच्या औषधात वेळ दवडणे रुग्णाला परवडणारे नाही.